बुडाखालची साफसफाई

सणाचा दुसरा दिवस, सकाळ
चहूकडे पाणी

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. साष्टांग मनातल्या मनात समज, आडवं पसरायला इथं जागा नाही. गुडघे पोटाशी घेऊन झोपतो. तब्येत ठणठणीत. बूड तेवढं सोलून निघालंय.

काल इथल्या उपग्रहाच्या फोनवर तू विचारलंस, "येतोयस ना? की परत दुसरीकडे कुठं?" आणि मी "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही" म्हणत फोन ठेवला. आवाज येत होता. मागून आई "जेवला का विचार" म्हणाली, तेही आलं. भाऊजींची बदली झाली, सण उरकून महिन्या-दोन महिन्यांत तुम्ही जाणार, आईजवळ कुणीतरी राहायला हवं, हे मला कळतं. घरी आलो तरी मी बॅगेतलेच कपडे काढतो-घालतो आणि आई माझ्यासाठी कपाटातला खण रिकामा ठेवते, ही तुझी जुनी तक्रारही पाठ आहे. उत्तर देतो. पण आधी काल काय झालं ते ऐक.

आईला मी मोठं जहाज सांगितलंय. ताई, जहाज नाही. आपल्या स्वयंपाकघराएवढी बोट आहे, तीही ओटा धरून. इंजिन नाही. दोन माणसं, वल्ही, आणि हा अख्खा समुद्र ओलांडायचा. बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात मी होतो, तिथं एक निवृत्त शाळामास्तरीणबाई बोट रंगवून घ्यायला आल्या. त्यांची जोडीदारीण ऐनवेळी हात मोडून बसली. मला म्हणाल्या, "वल्हवायला येतं का तुला?"

"शिकेन."

"आणि मधेच कंटाळलास तर?"

"मधे उतरणार कुठं, बाई?"

नशीब बघ. शाळेच्या भिंतीवरून उड्या मारून पळालो, आणि आता बाई हातभर अंतरावर, अन् भिंतच नाही.

तर गेला आठवडा बोट जड झाली होती. कितीही ओढा, ढिम्म. बोटीच्या बुडाला बारीक शिंपल्यांसारखे जीव चिकटतात, ते खाली उतरून खरवडावे लागतात. नाही खरवडले तर पोचायच्या आत खाणं संपणार, मदतीचं जहाज बोलवायचं, बोट सोडून द्यायची. बाईंचा खांदा दुखावलेला. म्हणजे मीच. रोज टाळत होतो. कधी वारा, कधी ढग, कधी पोटात दुखतंय. सणाच्या दिवशी मात्र पाणी काचेसारखं झालं.

बाई म्हणाल्या, "सणाला घरी झाडलोट करत नाही का तुम्ही?"

"आई करते. मी तेव्हा बाहेर जातो."

"आज बाहेरच आहेस," म्हणाल्या, आणि खरवडायची पट्टी हातात दिली.

कमरेला दोरी, दुसरं टोक बाईंच्या मुठीत. उतरलो.

ताई, खाली जमीन नाही. माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. उन्हाच्या काठ्या सरळ खाली गेलेल्या, निळ्यात, मग गडद निळ्यात, आणि त्यापुढं नजर जाते पण पोचत नाही. वर आमची बोट, पायातून निसटलेल्या चपलेसारखी. खरवडलं तसे ते जीव कण्यांसारखे खाली खाली गेले. कितीतरी वेळ दिसत राहिले.

मग ऊन गेलं. वाटलं ढग आला. वर ढग नव्हता. बोटीला लागून देवमासा चालला होता. सुरू झाला आणि संपेचना. आपल्या गल्लीतून बस जाते तेव्हा भिंतीला चिकटून श्वास धरून उभं राहावं लागतं ना, तसा मी. त्याचा डोळा माझ्यापुढून गेला. म्हाताऱ्या माणसासारखा, सुरकुत्यांत बसवलेला. त्यानं पाहिलं. रागानं नाही, मायेनंही नाही. "बरं, तू पण आहेस का," एवढंच.

बेकरी, गॅरेज, छापखाना, कुठंही असलो तरी माझं चित्त दाराकडे, हे तुला ठाऊक आहे. तिथं दोरीला लटकून मला पहिल्यांदाच कुठं जावंसं वाटलं नाही. श्वास संपला म्हणून वर आलो.

बाईंचे डोळे भरलेले. "दिसला रे. दोरी थरथरत होती, मला वाटलं..." मग नाक पुसून म्हणाल्या, "अर्धं बूड राहिलंय."

मी परत उतरलो. सगळं खरवडलं. हे भाऊजींना सांग. देवमाशावर त्यांचा विश्वास बसेल, ह्यावर बसणार नाही.

बोट आता पळते. मला वाटायचं, माझ्यात थांबायचं यंत्रच बसवलेलं नाही. आहे, ताई. काल चाललं. जन्मभर चालेल अशी शपथ घालू नकोस, नवीन आहे अजून. किनारा लागला की हे पत्र टाकतो आणि मागोमाग निघतो. जहाजाचं खरं आईला मीच सांगेन, समोर बसून. तू तेवढा कपाटातला माझा खण झाडून ठेवायला सांग. या वेळी बॅग रिकामी करणार आहे.

पाण्यावरून घराकडे निघालेला,
तुझा धाकटा