घर नंबर सत्तावीसमधलं तिसरं माणूस

करंजपाडा, दिघाशीजवळ
२५ मार्च १९७१

ती. सुमतीताईस, प्रभाकरचा शि. सा. न.

नामाच्या कुडावरचा पुसट सत्तावीस आकडा गेरूने पुन्हा लिहीत होतो, तेवढ्यात आत तान्हं रडलं. नामाने नुकतीच घरात माणसं दोन सांगितली होती, तो आणि बायको काशी. मी त्याच्याकडे पाहिलं. म्हणाला की शेळी हाय. शेळी त्याच्या मागे मुकाट उभी होती.

उलगडा जानकीबाईने केला. ही इथली सुईण. निम्मा पाडा तिच्या हातावर जन्मलेला. ओसरीवर बसून तिने घराघरातली माणसं सांगितली. माहेरी गेलेल्या, वीटभट्टीवर गेलेले, कोणी सुटलं नाही. शिरगणतीच्या माझ्या कागदांत दोनशे दहा, तिच्या तोंडी दोनशे अकरा. पण अकरावं लिवायचं न्हाय म्हणाली. काशीची आधीची दोन बाळं बारशापूर्वी गेली. ही मुलगी वीस तारखेची. बारसं होईपर्यंत ती आहे असं घरात कोणी बोलत नाही, मग कागदावर कुठलं.

खोटा आकडा कसा देऊ? आणि लिहिलं नि तिला काही झालं, तर काशीसमोर कसा उभा राहू?

तुझा धाक असू दे, म्हणजे मी वेळेवर जेवतो.

तुझा
प्रभाकर

भिवंडी
२८ मार्च १९७१

चि. प्रभाकरास अनेक आशीर्वाद.

शेळीचं वाचून तुझे मेहुणे दोनदा हसले. माझ्या शाळेने मला लूमवाल्यांच्या खोल्या मोजायला दिल्या आहेत. एका खाटेवर दोन माणसं, एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा. एकाने बजावलं की बहनजी, खाट एक लिखो, आदमी दो. तरी माझी बेरीज रोज चुकते. तुझी जानकीबाई इथे हवी होती.

एक तारखेच्या सूर्योदयाला जो हयात, तो मोजायचा. फेरतपासणीला पुढे तीन दिवस आहेत. तेव्हा आज खोटं लिहायची गरज नाही आणि खरं लिहायची घाई नाही. थांब.

जुन्या लुगड्याची दुपटी पाठवते आहे. काशीला दे. कोणासाठी ते बोलू नकोस.

अक्षर सुधार. माया आहे तशीच आहे.

सुमती

करंजपाडा
३१ मार्च १९७१

ती. ताईस, शि. सा. न.

दुपटी काशीने घडी न मोडता उशाशी ठेवली. परवा बाळाला ताप चढला. जानकीबाई तेव्हापासून आपल्या घरी गेली नाही. काल तिनेच मला सायकलवर पिटाळलं. म्हणाली की माझ्या हातचं सरलं, आता सुईवाला डॉक्टर आण. पंचवीस वर्षं सुईणपण केलेल्या बाईने हे सगळ्यांसमोर सांगितलं. डॉक्टर आले. आज ताप उतरला.

संध्याकाळी बारसं झालं. चंद्रा नाव ठेवलं. मी घुगऱ्या खाल्ल्या. कागद नेले नव्हते. काशीने एका दुपट्याची घडी मोडली.

मी माणूस मोजतो आणि पुढच्या घरी जातो. जानकीबाई मोजते आणि तिथेच बसते.

मेहुण्यांना नमस्कार. माझ्यावर रागावत राहा.

प्रभाकर

ता. क. १ एप्रिल. पत्र टाकायचं राहिलं होतं. ऊन वर आल्यावर काशी बाळ घेऊन माझ्या शाळेत आली. लिवा म्हणाली. जानकीबाई दाराशी उभी होती. मी लिहिलं. चंद्रा, वय शून्य. एकूण दोनशे अकरा.