शेवटचं शून्य

३ जुलै, सोमवार
छापखान्यात प्रूफं तपासायला लागून अडीच महिने झाले. पंधरा तारखेला कायम करणार. मालक म्हणाले, तोवर चूक मात्र नको. मी आणि चूक! अकरा वर्षांची होईपर्यंत बाबांनी मला घरीच शिकवलं. त्यांचा नियम एकच: कुठलीही संख्या भागून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. इथे सगळे नुसतं बघतात.

५ जुलै, दुपारी
तुंबलेली गटारं साफ करणाऱ्याचे दोन हजार स्टिकर. फोन ३८१६५४७२०९. सवयीने भागला. पहिले दोन अंक दोनाने, तीन तिनाने, चार चाराने... थेट नवापर्यंत निःशेष! शून्य ते नऊ, प्रत्येक अंक एकदाच. फक्त शेवटी दहाने अडतं. ०९ उलटवून ९० केलं की तेही सुटतं! म्हणजे खरा नंबर तोच. डीटीपीवाल्याची चूक. जेवता जेवता टाइप करतो, दुसरं काय होणार.

५ जुलै, साडेचार
तरी ग्राहकाची चिठ्ठी काढली. तिच्यातही ०९. धन्य! माणसाला स्वतःचा नंबर धड लिहिता येऊ नये? डीटीपीवाला म्हणाला, ताई, फोन लावून विचारा की त्याला. ज्याने चूक केली त्यालाच विचारायचं! ९० केलं. सही केली.

६ जुलै
रात्री उठून पुन्हा तीनदा भागलं. बरोबरच आहे.

८ जुलै
दहाही अंकांची अशी दुसरी संख्या निघत नाही. आठवडाभरात निबंध लिहून विद्यापीठाला पाठवायचा. दादाने विचारलं, निबंधाने गटार लवकर उपसलं जातं का? अडाणी. बाबा फोनवर म्हणाले, भागाकार छान आहे, पण गिऱ्हाइकाला विचारलंस ना? बाबांचंही आता वय झालं.

१२ जुलै
गटारवाला आला. आठशे स्टिकर घरोघर लावले, पण एक फोन नाही म्हणे. मी मालकांना म्हटलं, गटारं तुंबली नसतील. निबंधाचं शीर्षक झालंय.

१३ जुलै
एक निवृत्त गणिताचे मास्तर छापखान्यात आले. त्यांना म्हणे तीन दिवसांत सत्तर फोन आले, सगळ्यांची मोरी तुंबलेली. ९० वाला नंबर त्यांचा. वीस वर्षांपूर्वी मुद्दाम मागून घेतलेला. वर म्हणतात, ही संख्या मी दर वर्षी पहिल्या दिवशी सहावीच्या फळ्यावर लिहायचो. स्वभावाने फारच बढाईखोर.
निबंध तूर्त बाजूला.

१५ जुलै, संध्याकाळी
कायम केलं नाही. मालक शांतपणे म्हणाले, उद्यापासून येऊ नका, पण जाण्याआधी उरलेले बाराशे हाताने दुरुस्त करून द्या. दिले असते. एकेक नंबर नीट भागत, खोडत, लिहीत चारशेपर्यंत पोचले होते. डीटीपीवाला चहा घेऊन आला. म्हणाला, ताई, तुम्ही ९० खोडून पुन्हा ९०च लिहिताय.
त्याने भागलं नव्हतं. नुसतं बघितलं होतं.