न बोलावता आलेला वाटा

काजरवाडी, आचरा
गुरुवार, १५ फेब्रुवारी २०२४

चि. हरिश्चंद्र यास,

सुभद्रा वयनीचे आशीर्वाद. आकांक्षाला आणि मुलांना माझी आठवण सांग. तुमच्या तोंडवलीला सगळं बरं आहे असं आपोलिना टीचर सांगत होती. तुझ्या खोल्या म्हणे होळीपर्यंत भरलेल्या आहेत. समुद्र बघायला पैसे मोजणारी माणसं तुला मिळाली, नशीब काढलंस. आम्ही इथे डुकरं बघतो, तीही फुकट.

पत्र बघून हसशील. फोन का नाही केला म्हणशील. तुझ्या घरी फोन लावला की आकांक्षा तो स्पीकरवर टाकते आणि घावणे घालता घालता बोलते. मग तुझं घर, तुझे पाहुणे, सगळे माझं ऐकत बसतात. आणि इकडे तुझ्या दादांचे कान तुला ठाऊकच आहेत. मी मागच्या दारी कुजबुजले तरी यांना पुढच्या खळ्यात ऐकू येतं. म्हणून लिहितेय. आपोलिना रोज स्कूटरने तुमच्याकडच्या शाळेत जाते, तिच्या हातात उद्या सकाळी पाकीट देईन.

काजूला मोहोर बरा आहे. धुकं पडलं नाही तर दोन पैसे दिसतील. माझा गुडघा आहे तसाच. शेतातल्या मांगरापलीकडचा उन्हाळी भाताचा, वायंगणाचा कुणगा डुकरांनी एका रात्रीत नांगरल्यासारखा उकरून टाकलाय. नुसता कळप असता तर डबे वाजवून पळाला असता. पण एक मोठा, सुळेवाला, एकटाच फिरतो, तो आवाजाला दाद देत नाही.

जरा थांबले. खळ्यात जाऊन बघून आले. कोणी नाही.

हे सकाळी चहा घेऊन बंदूक खांद्याला लावून गेलेत, कोंडीकडच्या रानात. एकटे. आता ऊन मांगराच्या कौलांवर आलं तरी पत्ता नाही. मी भात टाकलं, उतरवलं, भांडी घासली, घासलेली परत घासली. हात रिकामे राहिले की डोक्यात नाही नाही ते येतं, म्हणून हे कागद घेऊन बसले. अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे.

रविवारी तुम्ही सगळे शिकारीला गेलात. मला माहीत आहे, कारण तुमची बोलावण्याची कू ऐकली. तू सगळ्यांचा पुढारी आता, पहाटे तोंडवलीहून येऊन घराघराच्या खळ्याखाली उभा राहून तूच कू घालतोस. शिवाच्या घरापाशी थांबलास, मग हौसाबाईच्या घरापाशी, तिच्या मुलासाठी. मध्ये आमचं घर. तिथे तुझे पाय थांबले नाहीत. गेल्या दिवाळीपासून हे असंच चाललंय. आणि दर रविवारी हे तुझ्याआधी उठून पायरीवर बसलेले असतात, अंगावर कांबळं घेऊन. तू वरच्या अंगाला पोचलास की उठतात आणि म्हणतात, "दूध तापव गो."

मला वाईट वाटतं म्हणून लिहीत नाही, रागाने लिहितेय. गेल्या रविवारी दुपारी तू हौसाबाईच्या हातून मटणाचा वाटा पाठवलास. केळीच्या पानात छान बांधलेला, चांगला मांडीचा तुकडा. तुझ्या मनात माया असणार, ते मी ओळखते. पण हरी, तू या वाडीत वाढलास, एवढं कसं विसरलास? जो शिकारीला येतो त्याला वाटा. बंदुकीवाल्याला, ओरडून जनावर उठवणाऱ्या हाकेवाल्याला, कुत्र्यालासुद्धा. न बोलावता घरी वाटा जातो तो दोनच ठिकाणी, अंथरुणावर पडलेल्याच्या घरी आणि बाप्या माणूस गेलेल्या घरी. यांनी ते पान बघितलं, हौसाबाईकडे बघितलं आणि विचारलं, "कोण मेलो काय ह्या घरात?" बिचारी हौसाबाई पान तिथेच ठेवून पळाली. मी ते शिजवलं नाही. फेकलंही नाही, अन्न ते. शेवटी तिच्याच घरी परत नेऊन दिलं.

तेव्हापासून यांनी रोज एकट्याने जायचं सुरू केलंय. आधी आठवड्यातून एकदा जायचे. मी विचारलं तर म्हणाले, "एकट्यान गेल्यार रान बोलता. धा जण गेले की माणसाच बोलतत." बोलायला सोपं आहे. तुमच्या घोळक्यात नेम चुकला तर चूक सगळ्यांची. हसता, एकमेकांची आई-माई काढता, घरी येता. एकट्याचा चुकला की तो नेम त्याच्याबरोबर जेवायला बसतो. मी रोज वाढते, मला दिसतो.

आत्ता कुत्रं भुंकलं म्हणून धावत गेले. पोस्टमन होता, विजेचं बिल टाकून गेला.

बरं, आता खरं ते सांगते. यांनी मला शपथ घातली होती. "हरीक सांगशीत तर माझा मेल्ला तोंड बघशीत," असं म्हणाले होते. आज ते तोंड मला कसं बघायला मिळेल तेच कळत नाही, म्हणून शपथ मोडतेय.

यांचा उजवा डोळा गेलाय. काचबिंदू. कुडाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा. थेंब दिलेत, सकाळ-संध्याकाळ मी घालते. बाहेरून डोळा चांगला दिसतो, म्हणून कोणाला कळत नाही. डाव्याने चालतात, जेवतात, ओळखीच्या वाटेने रानात जातात. पण नेम धरायचा डोळा उजवाच होता ना.

गेल्या दिवाळीत तुझ्या कानाजवळून बार गेला, जांभळीची साल उडाली. तेव्हा हे सगळ्यांसमोर म्हणाले, "हरीन जागा सोडली, म्हणान झाला." तू जागा सोडली नव्हतीस. हाका सुरू झाल्यावर जिथे बसवलं तिथून हलायचं नाही, हे तुला यांनीच शिकवलं होतं. तू हललाच नाहीस, यांना तू दिसलाच नाहीस. पाला हलल्याचा आवाज ऐकला आणि आवाजावर बार टाकला. रात्री भिंतीकडे तोंड करून मला म्हणाले, "माझो भाव मेलो आसतो गो." पण सकाळी परत तेच, हरीने जागा सोडली. डोळा गेला असं म्हणण्यापेक्षा भाऊ खोटारडा म्हणणं यांना सोपं वाटलं. तू अपमान गिळून गप्प बसलास. तुझंही खरं आहे. मी तुझ्या जागी असते तर भांडले असते, निदान मोकळी झाले असते.

आता पुढचं ऐक.

मी यांच्याबरोबर रानात जाते. दिवाळीनंतर पहिल्यांदा एकटे निघाले तेव्हाच मी मागोमाग गेले. दोन पावलं मागे चालते, उजवीकडे काय आहे ते हळू सांगते. "म्हस आसा. बायो लाकडा येचता." लोकांना वाटतं एकटे जातात. बंदूकही मीच भरते, कारण दारू किती पडते ते यांना नीट दिसत नाही. आपली ती जुनी ठासणीची, शेतराखणीच्या परवान्याची. आधी दारू, मग नारळाच्या सोडणाचा बोळा, मग गोळी, परत बोळा, आणि गजाने ठासायचं. मी दारू घालते. बोळा घालते. गोळी घालत नाही. ती पदरात घेते आणि घरी आल्यावर चुलीमागच्या डब्यात टाकते. सगळा हिवाळा मी हेच केलंय, हरी.

काय करणार होते मी? ते रान काही रिकामं नाही. लाकडं वेचणाऱ्या बाया असतात, गुरांमागची माणसं असतात. तू असतोस. एकदा वाचलास, दुसऱ्यांदा कोण वाचेल?

पण पौषात तो सुळेवाला आमच्या समोर आला. मातीचा वास येईल इतका जवळ. यांनी बार काढला. नुसता आवाज आणि धूर. आवाजाला दचकून तो वळला म्हणून आम्ही घरी आलो. हे म्हणाले, "चुकलंय." आयुष्यात यांचा नेम एवढ्या जवळून चुकला नव्हता. त्या रात्री जेवले नाहीत. मला तेव्हा कळलं की लोकांना वाचवायला मी माझ्या माणसाला रिकामी बंदूक देऊन सुळ्यासमोर उभा करतेय. तरी पुढच्या वेळी परत तेच केलं. मला दुसरं सुचलंच नाही.

आज सकाळी भरलेली बंदूक हातात घेऊन हे माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "हल्ली ही खांद्याक लागणा नाय गो." मी गज कोपऱ्यात ठेवला. हे म्हणाले, "तू आज येव नको," आणि गेले. बंदुकीत आजही गोळी नाही.

* * *

परत लिहायला बसलेय. हे आले. धड आले.

ओहोळावर पाय धुतले, पेज प्यायले, बंदूक भिंतीला टेकवली आणि माझ्यासमोर खाली बसले. म्हणाले, "गोळयो खंय ठेवतंस?" मी डबा आणून पुढे ठेवला. यांनी हाताने चाचपून बघितल्या, मोजल्या नाहीत. मी रडायला लागले. म्हटलं, "कधीपासून म्हायत आसा तुमका?"

"पयल्याच बारापासून. गोळी आसली की धको बसता, खांदो सांगता."

"मगे जातास कित्याक तरी?"

डब्याचं झाकण लावत म्हणाले, "घरात बसान त्यांची कू आयकूची काय? आनी तू फाटसून चलतंस, ता बरा वाटता."

म्हणजे हे ठाऊक असून माझ्या रिकाम्या बंदुकीने त्या सुळेवाल्यासमोर उभे राहिले होते. आणि "चुकलंय" म्हणाले होते ते मला वाईट वाटू नये म्हणून. या माणसावर मी चिडू की काय करू, तूच सांग.

पण त्यावर आमचं संपलं नाही. डबा माझ्याकडे सरकवून म्हणाले, "आता लपवक काय नाय. भरशीत तर गोळी घालून भर. नायतर मी चाचपान भरतंय." आणि हे भरतील. यांचा हट्ट तुला काय सांगायचा. मी म्हटलं, सोमवारपासून भरीन. म्हणाले, "सोमवार कित्याक?" मी म्हटलं, मधी रविवार आहे. त्यावर उठून गोठ्याकडे गेले.

म्हणून आता तुझ्यावर आलंय, हरी. रविवारी आमच्या खळ्याखाली थांब. बंदूक आण म्हणू नकोस, आणि दया दाखवतोयस असं वाटू देऊ नकोस, नाहीतर दार लावून घेतील. हाका घालायला माणूस कमी आहे म्हण. खोटं नाहीच ते, तुझी पोरं काय ओरडतात, चिमण्या तरी उडतात का? हाक्यात डोळे लागत नाहीत, घसा लागतो, आणि यांचा घसा अजून डोंगरापलीकडे जातो. बंदुकीवरून हाक्यात जाणं यांना खाली उतरल्यासारखं वाटेल. आपणहून कधीच मागणार नाहीत. तू मागितलंस तर मात्र धाकट्या भावासाठी येतील, आणि येताना तुझ्यावर उपकार केल्याचा आवही आणतील. तो आणू दे. माफी मागतील याची वाट बघू नकोस. यांची माफी मी मागते, या पत्रातच.

तिसरीत होतास तेव्हा मी या घरात आले. तुझ्या हातात पाटी आणि माझ्या हातात तुझं दप्तर, असे आपण शाळेपर्यंत जायचो. त्या हक्काने मागतेय, आणि त्याच हक्काने पुढचंही सांगतेय. रविवारी तू थांबला नाहीस, तर सोमवारी सकाळी मी बंदूक भरीन. दारू घालीन, बोळा घालीन आणि गोळी घालीन. माझ्या माणसाला परत रिकाम्या हाताने पाठवणार नाही. मी दोन पावलं मागे असेन, पण माझा गुडघा थकलाय, आणि पानाआड कोण बसलंय ते दर वेळी मला दिसेलच असं नाही.

तुला लहानाचा मोठा केलेली,
सुभद्रा वयनी