लहानूची बंडी रिकामी परत पाठवा

देवकावहिनी,

पुलगावची गाडी चुकेल, म्हणून तुम्हाला न उठवता शाळेला निघते. लहानू आपल्या भुऱ्या कुत्र्याला कायमचं वडनेरला न्यायला आला, तर त्याची बैलबंडी रिकामीच परत पाठवा. भुऱ्या बाबांचं ऐकायला लागला!

चूक आपलीच होती. ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला, म्हणून कुत्र्याला बोलवायला आपण त्यांना टाळी वाजवायला सांगितली. पण अंगणातल्या शेळ्या आपण टाळ्या वाजवूनच हाकलतो. टाळी ऐकली की भुऱ्या लांब पळायचा, आणि बाबांना वाटायचं, यालाही मी नकोसा झालो. तुम्ही टोमणा मारलात, "शाळेतल्या पोरी ऐकतेत तुमचं, मंग हे कुत्रं मामंजीचं काऊन नाई ऐकत?" तेव्हापासून मी भुऱ्याकडे नीट बघायला लागले.

चार दिवस पहाटे बाबांना बोटांनी खाटेचं लाकूड वाजवायला लावलं. भुऱ्याला भाकरीचं काही नाही, कान खाजवलेले आवडतात, म्हणून तो आला की बाबा कान खाजवायचे. पहिल्या दिवशी तो बारापैकी दोनदा आला, आज अकरा वेळा. आज तर मी विहिरीमागे लपले होते, म्हणजे तो माझ्याकडे बघून आला नाही.

बाबा दिवसभर खाट वाजवतील. त्यांना थांबवू नका. तीन महिन्यांनी ते कुणाला तरी हाक मारताहेत.

सुलोचना