दारावरची हिरवी चिठ्ठी

४ मार्च, सोमवार

भंगाराच्या शेडमधला तो किरणोत्सर्गी तुकडा अखेर सापडला. शिशाच्या पेटीत घालून नेला. ज्या दोघांनी तो हाताळला, ते दवाखान्यात आहेत — त्यांचं खरंच कठीण आहे. बाकी गल्लीला धोका नाही. तरी लोकांची खात्री पटावी म्हणून उद्यापासून आम्ही किरणोत्सर्ग मोजायचं मीटर घेऊन दारोदार. तपासलेल्या दाराला हिरवी चिठ्ठी चिकटवायची, ही कल्पना माझी. साहेब खूश.

५ मार्च

एकशे बारा दारं. मीटरवर सगळीकडे रोजच्याइतकंच. डायलिसिस केंद्राची चिठ्ठी मी स्वतः लावली, खाली सही केली. आठवड्यातून तीनदा बाबा तिथे जातात, म्हणून जरा जास्तच नीट चिकटवली.

६ मार्च

आज बाबांची पाळी होती. चिठ्ठी बघून आईने त्यांना केंद्राच्या दारातूनच परत फिरवलं. "काही नसतं तर तपासलं कशाला असतं?" मी आकडे सांगितले, छातीच्या एक्स-रेचं उदाहरण दिलं. पालथ्या घड्यावर पाणी!

"मग तू रोज दाराबाहेर कपडे का बदलतेस? कोपरापर्यंत हात का धुतेस?"

नियम आहे म्हणून, म्हटलं.

"मग हा आमचा नियम समज."



७ मार्च

केंद्रातल्या सिस्टरचा फोन. काल अकरापैकी दोनच पेशंट आले. दुसऱ्या केंद्रांत जागा नाही.

८ मार्च

सकाळी जाऊन चिठ्ठी खरवडून काढली. दुपारपर्यंत गल्लीभर झालं — काहीतरी सापडलं असणार, म्हणूनच काढली. आगीतून फुफाट्यात.

आजचीही पाळी चुकली. बाबांचे पाय इतके सुजलेत की चप्पल चढत नाही. म्हणाले, "तू खरं सांगतेस, ठाऊक आहे मला. पण भीती वाटते गं." मी ओरडले त्यांच्यावर. सत्तरीच्या, आजारी माणसावर. लाज वाटते आहे.

९ मार्च

आज कामावरून आले ती कपडे न बदलता, हात न धुता थेट आत. बाबांच्याच ताटात जेवायला बसले. आई बघत राहिली. ताटं उचलताना म्हणाली, "सोमवारी नेऊ त्यांना."

सिस्टरने पहिला नंबर द्यायचं कबूल केलंय. उद्या केंद्र बंद असतं. मोठ्या दवाखान्यात नेऊ म्हटलं, तर बाबा नकोच म्हणाले. थोडा दम लागतोय. सोमवारपर्यंत निभेल, असं वाटतं. कशावरून, ते मात्र सांगता येत नाही. सगळ्या गल्लीचं मोजमाप मी केलं, या धोक्याचं केलं नाही.

११ मार्च, सोमवार

पहाटे बाबा गेले. डॉक्टर म्हणाले, डायलिसिस चुकल्यामुळे हृदय थांबलं.

शववाहिनीवाला उंबऱ्याबाहेरच थांबला. "ताई, आधी मीटर लावा." लावलं — कपाळाला, छातीला, सुजलेल्या पायांना. रोजच्याइतकंच.

तरी तो आत येईना. चिठ्ठी मागितली. पिशवीतून एक हिरवी काढली, खाली सही केली.