काळ्या काचेतलं पाणी

आण्णा, आज दिवसभर एका ओढ्याचे फोटो काढून आले. गुडघे बोलू लागलेत, ट्रायपॉड दारातच टाकलाय आणि पानावर बसायचासुद्धा कंटाळा आलाय. तरी तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता हे कुठल्या पत्त्यावर धाडणार ते मला विचारू नका.

दिघ्याची ती एका खोलीची जागा. त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. मी कॉलेजात, कॅमेरा कॉलेजचा, आणि डोक्यात एकच खूळ, वाहतं पाणी फोटोत सायीसारखं मऊ दिसायला हवं. त्यासाठी शटर मिनिटभर उघडं ठेवायचं, आणि भर दिवसा तसं करायचं तर भिंगापुढे उजेड अडवणारा काळा एनडी फिल्टर लागतो. तो आपल्याला कुठून मिळणार? तुम्ही कारखान्यात वेल्डर. एका संध्याकाळी डब्याच्या पिशवीतून तुम्ही वेल्डिंगची काळी काच काढलीत, घासून गोल केलेली, बरणीच्या झाकणात बसवलेली. "आमच्या ठिणगीला दाबती ही, उन्हाचं काय घेऊन बसलीस!" असं म्हणालात आणि हात धुवायला गेलात.

रविवारी डोंगराकडच्या ओढ्यावर आपण दोघंच. मी फ्रेम जुळवते, तुम्ही चिकटपट्टीने झाकण बसवता आणि शटर उघडलं की मोठ्याने आकडे म्हणता. पंचेचाळीसला माझा पाय दगडावरून सरकतो, ट्रायपॉड हलतो. "अगं, पाणी पळतंय, तू कशाला पळतीस? थांब की जरा!" तुम्ही खरंच चिडला होतात. पहिला रोल काचेच्या रंगाने हिरवागार आला, मी रडले. मग कृष्णधवल रोल घातला आणि जमलं. त्या फोटोला बेलापूरच्या एका प्रदर्शनात बक्षीस मिळालं.

तिथे परीक्षकांनी विचारलं, "फिल्टर कुठला वापरलास?" भोवती फाडफाड इंग्रजी बोलणारी मुलं होती. मी म्हणाले, "इम्पोर्टेड आहे सर. मामाने दुबईहून पाठवला." आपल्याकडे दुबईत कुणी मामा नव्हता. तुम्ही अर्धी पाळी टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून मागे उभे होतात. घरी आल्यावर काय बिनसलं म्हणून आईने विचारलं तेव्हा एवढंच म्हणालात, "पोरीला कुठं ठावं होतं, मी मागं हाय ते." मीही मान डोलावली. त्यानंतर तुम्ही ओढ्यावर कधी आला नाहीत, आणि मीही चला म्हटलं नाही. मला लाज वाटते आण्णा, अजून वाटते, आणि आता तिचाही शीण आलाय.

हे पत्र वहीतच राहील. पण एक सांगते. सरांना उत्तर द्यायच्या आधी मी मागे वळून पाहिलं होतं. तुम्ही मला हात केलात. तो बघून, मग मी मामाचं नाव घेतलं.