आयोडीनच्या गोळ्या, फक्त चाळिशीच्या आतल्यांना

१२ ऑक्टोबर २०२२, बुधवार. कोत्का.

आजपासून रोजनिशी. आणीबाणीच्या काळात कोणीतरी डोकं थंड ठेवून नोंदी करायला हव्यात. आमच्या इमारतीत तसं डोकं एकच आहे.

सकाळी बातम्यांत सांगितलं की अणुभट्टीत काही झालं, किंवा कोणी मुद्दाम केलं, तर हवेतलं किरणोत्सारी आयोडीन गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन बसतं. आधीच साध्या आयोडीनची गोळी घेतली की ग्रंथी भरते, त्या वाईट आयोडीनला जागाच राहत नाही. घरोघरी गोळ्या आणून ठेवा म्हणाले. मी तडक सायकल काढली. ओर्वोक्की म्हणाली, "येताना दूध आण." बायकोला प्रसंगाचं गांभीर्य नाही.

दुपारी. औषधांच्या दुकानातली मुलगी मला म्हणते, "गोळ्या चाळिशीच्या आतल्यांसाठी आहेत. मुलं आणि गरोदर बायका आधी. तुमचं वय?" एकसष्ट, म्हटलं. "मग तुम्हाला फायदा नाही. झाला तर अपायच होईल."

चाळीस वर्षं बंदरावर क्रेन चालवली, एक दिवस कर चुकवला नाही. आणि गळा वाचवायची वेळ आली तेव्हा माझा गळा यादीतच नाही! ही पहिली दगाबाजी. मी शांतपणे सांगितलं, गोळ्या इमारतीसाठी आहेत. तीन दुकानं फिरलो. सहा पाकिटं मिळाली. दूध राहिलं.

१३ ऑक्टोबर

पाकिटावर लिहिलंय, 'अधिकाऱ्यांनी सांगेपर्यंत घेऊ नये.' म्हणजे ते मीटिंग घेणार, कॉफी पिणार, मग मला सांगणार. तोवर माझी ग्रंथी रिकामी! निर्णय: रोज सकाळी कॉफीबरोबर एक गोळी, आत्तापासूनच. इमारत वाचवायची तर आधी नेता टिकला पाहिजे. ओर्वोक्कीला बोललो नाही. ती आतला कागद वाचत बसेल.

१५ ऑक्टोबर, शनिवार

सहा वाजता कालेर्वोबरोबर तळघरात सॉना, म्हणजे वाफेचं स्नान. तीस वर्षं झाली, शनिवार सहाची पाळी आमची दोघांची. तो चौथ्या मजल्यावर राहतो, इमारतीच्या कमिटीचा अध्यक्ष. हल्ला झाला तर लपायला तळघरात आसरा आहे, त्याचा प्रमुख नेमायचाय, त्यासाठी २४ तारखेला सभा आहे. माझंच नाव पक्कं. दुसरं कोण आहे?

कालेर्वो सॉनात सहसा बोलत नाही. आज लेकीबद्दल बोलला. "वेन्लाला पाचवा महिना लागलाय. पोरगी सगळी दुकानं फिरली, गोळ्या संपल्यात. कोणा नालायकानं ढीगभर उचलून नेल्या म्हणे. तुझ्या बघण्यात आहेत का रे कुठे?"

मी तापलेल्या दगडांवर दोन डाव पाणी टाकलं. वाफ भरपूर झाली. मग "नाही" म्हणालो.

हे खोटं नव्हे. साठा गुप्त ठेवणं हा आणीबाणीतला पहिला नियम. शिवाय योजना ठरलेली आहे: माझी निवड होणार, मी भाषण करणार, आणि शेवटी सगळ्यांसमोर वेन्लाच्या हातात पाकीट. कालेर्वोच्या डोळ्यांत पाणी येणार. भाषण लिहून तयार आहे. दोन ठिकाणी टाळ्यांसाठी जागा सोडली आहे.

२४ ऑक्टोबर, सोमवार

लिहवत नाही, तरी लिहितो.

वेन्ला उभी राहिली. कालेर्वोची हीच वेन्ला, दुसऱ्या मजल्यावरची, दवाखान्यात नर्स. तिला अकरा मतं. मला एक. ते मी दिलं होतं. ओर्वोक्की माझ्या शेजारी बसून वेन्लासाठी हात वर करते! छत्तीस वर्षांचा संसार! घरी आल्यावर विचारलं, तर म्हणे, "अरे, तिनं कोर्स केलाय. तू तळघराची किल्ली दोनदा हरवलीस." एकदा. दुसऱ्यांदा ती चोरीला गेली होती.

कालेर्वो खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस. चल, वेलदोड्याचा बन खा." बन! तीस वर्षांच्या मित्राकडून!

भाषण खिशातच राहिलं. गोळ्याही आता कपाटातच राहतील. दगा देणाऱ्यांना बक्षीस मिळत नसतं.

३० ऑक्टोबर

प्रकृती उत्तम. छाती सारखी धडधडते, म्हणजे ग्रंथी भरून वाहते आहे. घाम येतो, थंडी वाजत नाही. बाहेर शून्य अंश आणि मी गॅलरीत बनियनवर. भूक सडकून, तरी वजन चार किलो उतरलं. ओर्वोक्की म्हणते, "डॉक्टरला दाखव. जेवताना काटा हातात धरलास की बशीवर वाजतो." लोकांना दुसऱ्याची तब्येत बघवत नाही.

२ नोव्हेंबर, बुधवार

घरात फितुरी.

ओर्वोक्कीला स्कीच्या मेणाच्या डब्यामागे पाकिटं सापडली. मला न विचारता बंद असलेली सगळी दुसऱ्या मजल्यावर देऊन आली. उघडी दोन उरली. मी म्हणालो, मी देणारच होतो. तिनं विचारलं, "कधी?" मी म्हणालो, योग्य वेळी.  ती स्वयंपाकघरात जाऊन बटाटे सोलत राहिली. चौघांना पुरतील इतके.

मग कालेर्वो आला. बूट काढले नाहीत, दारातच उभा राहिला. म्हणाला, "मी तुला सॉनात विचारलं होतं." मी योजना समजावून सांगितली, भाषण, टाळ्या, सगळं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे तुला टाळ्या मिळेपर्यंत माझ्या लेकीनं थांबायचं होतं?"

एवढं बोलून तो जिना चढून गेला. असं दारात उभं राहून बोलणं असभ्यपणाचं आहे.

५ नोव्हेंबर, शनिवार

सहा वाजता सॉनात गेलो. भिंतीवरच्या यादीत कालेर्वोनं स्वतःची पाळी बुधवारवर नेली आहे. मला न सांगता. एका माणसाला तो बाक फार लांब पडतो. दहा मिनिटांत वर आलो.

७ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी बारा वाजता भोंगा झाला. मी क्षणाचाही विलंब लावला नाही. दोन गोळ्या तोंडात टाकल्या, चड्डी-बनियनवर तळघरात. आसऱ्यात सायकलीच सायकली. मधे शिरून भिंतीशी बसलो. कोणीच आलं नाही. मनात म्हटलं, सगळे मला वर सोडून आधीच दुसरीकडे पळाले. मग म्हटलं, नाही, मीच खाली आहे. छाती फुटेल असं वाटत होतं. भोंगा थांबला तरी ती थांबेना.

मग वेन्ला आली, पोटावर हात धरून, एकेक पायरी उतरत. "अहो वेइयो, आज महिन्याचा पहिला सोमवार. भोंग्याची चाचणी आहे." आयुष्यभर दर महिन्याला ऐकत आलो आहे. आज विसरलो. तिनं सायकली बाजूला सारल्या, माझं मनगट धरलं, घड्याळात बघत राहिली. "हे किती दिवस चाललंय?" तिचा आवाज रागाचा नव्हता. तो रागाचा असता तर बरं झालं असतं.

तिनंच मला गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

९ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणतात, माझ्या थायरॉइडमध्ये जुन्या गाठी आहेत, त्या मला कधी कळल्याच नाहीत. रोजच्या आयोडीननं ग्रंथी खवळली. "म्हणून तर चाळिशीनंतर नको म्हणतात. एकूण किती गोळ्या घेतल्या?" दोन, म्हणालो. वेन्ला शेजारी होती. ती म्हणाली, "दोन पाकिटं."

माझीच ग्रंथी. एकसष्ट वर्षं हिला पोसली. आता कोणाचं नाव घेऊ?

३ डिसेंबर, शनिवार

जिन्यात आसऱ्याची नवी यादी लावली आहे. वेन्लानं केली, अक्षर कालेर्वोचं. वर प्रमुख, मग पाणी बघणारे, दारं बघणारे. ओर्वोक्कीकडे प्रथमोपचार. मी माझं नाव वरून खाली शोधत आलो. ते सगळ्यात शेवटी, 'खाली उतरताना मदत लागणारे' या मथळ्याखाली: 'ह्युर्कास, पहिला मजला. आयोडीन देऊ नये.' तांबड्या शाईत, साऱ्या इमारतीला दिसेल असं. कालेर्वोनं मला आजवर आडनावानं कधी हाक मारली नव्हती.

पेन काढलं. नाव खोडणार होतो. हात अजून थरथरतो. रेघ खाली गेली, आणि नाव नीट अधोरेखित झालं.